‘अशा लोकांना’ म्हणजे कोणाला?

लॉजच्या काउंटरवर तुम्हाला कुणी जात विचारत नाही, धर्मही विचारत नाही. ओळखपत्र हातात घेतात, त्यावरचं नाव वाचतात आणि म्हणतात, "रूम फुल आहेत." हे वाक्य मी स्वतः बोललो आहे, तेही एकदा नाही, अनेकदा. त्यामुळं या विषयावर लिहिताना दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवून मला सुरुवात करता येत नाही.

२००९ च्या उन्हाळ्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, विद्यापीठात एम.ए. करत असताना मी बसस्थानकाजवळच्या एका लॉजवर रात्रपाळीला काउंटरवर बसायचो. एके रात्री अकराच्या सुमाराला जिंतूरकडचा एक मुलगा आला. असेल पंचविशीतला. वडील घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, भरती होते. बरोबर आई आणि धाकटी बहीण. दोन रात्री वऱ्हांड्यात काढून आईला ताप भरला होता. "एक रात्र काढू द्या दादा, सकाळी निघतो आम्ही," तो म्हणाला आणि मी मागायच्या आतच मतदान ओळखपत्र त्यानं पुढं ठेवलं. मी नाव वाचलं. माझ्या मागं फळीवर खिळ्यांना किल्ल्या लटकत होत्या. त्याला त्या दिसत होत्या, आणि त्याला दिसताहेत हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "रूम फुल आहेत." त्यानं एकवार फळीकडं पाहिलं, कार्ड उचललं, "बरं" म्हणाला आणि आईला आधार देत जिना उतरून गेला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला या उत्तराची सवय होती, हे मला आजही सलतं.

मालकानं मला "मुसलमानांना खोली देऊ नको" असं कधीही सांगितलं नव्हतं. मुंबईवरचा २६ नोव्हेंबरचा हल्ला होऊन सहाएक महिने झाले होते. एक हवालदार आठवड्यातून दोनदा रजिस्टर बघायला यायचा. नावांच्या रकान्यावरून त्याचं बोट सरसर खाली यायचं आणि काही नावांपाशीच थांबायचं. "हा कोण? कशाला आला होता? किती दिवस राहिला?" बाकीची नावं तो वाचतसुद्धा नसे. तो गेला की मालक म्हणायचा, "कशाला डोक्याला ताप करून घेतो? अशा लोकांना पुढं लावून देत जा." ‘अशा’ म्हणजे कशा, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्या हवालदारालाही बहुधा कुणी लेखी दिलं नसेल. त्याच्या साहेबानं "लक्ष ठेवा" एवढंच म्हटलं असेल. साहेबापासून हवालदारापर्यंत, हवालदारापासून मालकापर्यंत आणि मालकापासून माझ्यापर्यंत एक शब्द कुणीही न उच्चारता पोचला, आणि त्याची शिक्षा झाली तापानं फणफणलेल्या एका बाईला.

उतरणाऱ्याचं नाव लिहून घेणं हे लॉजवाल्याचं कामच आहे. ते त्यानं चोख करावं. पण नाव बघून माणूस परत पाठवणं हा त्याच कामाचा घात आहे. खऱ्या नावाला खोली मिळत नाही हे लोकांना एकदा कळलं, की रजिस्टरात खरी नावं येईनाशी होतात. पोलिसांना ज्या वहीचा भरवसा वाटतो ती वही पोलिसांच्याच धाकानं खोटी होत जाते. हे मी अनुभवानं सांगतो. विद्यापीठातल्या माझ्या मित्रांमध्ये ती रीतच पडून गेली होती: परगावी परीक्षेला गेलं की कुलकर्णी किंवा जाधव पुढं होऊन खोली घेणार, शेख मागून पायऱ्या चढून येणार. रजिस्टरात एक नाव, खोलीत माणसं दोन. उद्या त्या खोलीत काही बरंवाईट घडलं असतं तर दुसरा माणूस कोण होता, हे त्या वहीवरून कुणालाही कळलं नसतं.

आपल्याकडं नावावरून माणूस ताडण्याची कला फार जुनी आहे. नुसतं नाव सांगून भागत नाही, "पूर्ण नाव सांगा" म्हणतात. आडनावावरून उलगडलं नाही तर "गाव कोणतं?" आणि तेवढ्यानंही कळलं नाही तर "पाहुणे कुठले तुमचे?" तीन प्रश्नांत माणसाची जात काढणारे लोक मी बसच्या एका प्रवासात बघितले आहेत, आणि ते वाईट होते असंही नाही, त्यांना त्यात काही गैर वाटतच नव्हतं. पण ही कला लॉजच्या काउंटरवर धड चालतही नाही. काळे, पवार, भोसले, चव्हाण, शिंदे ही आडनावं मराठ्यांत आहेत तशी पारध्यांतही आहेत. देशमुख आणि पाटील मुसलमानांतही आहेत. मग काय होतं? आडनावानं काम भागत नाही म्हणून काउंटरवरचा माणूस कपडे बघतो, बायकांच्या अंगावरचे दागिने बघतो, बोलीतला हेल ऐकतो, पायातली चप्पल बघतो. धाराशिव किंवा बीडकडचं पारधी कुटुंब कोर्टाच्या तारखेला जिल्ह्याच्या गावी आलं, तर रात्री ते बसस्थानकाच्या फरशीवरच का झोपतं, याचं उत्तर फक्त गरिबीत शोधू नका. खोलीचे पैसे खिशात असूनही त्यांना जिन्यावरूनच परत फिरवलेलं मी पाहिलं आहे.

यामागं इतिहास आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारध्यांच्याही माथी हा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण पोलीस ठाण्याच्या स्मरणातून तो रद्द झाला का? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातिभेदाबद्दल निकाल दिला. त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, अशी ताकीद न्यायालयाला पोलिसांना द्यावी लागली. कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाली होती.

आणि बाबासाहेबांची गोष्ट तर आपल्याला पाठ असायला हवी. १९१७ मध्ये न्यूयॉर्क-लंडनला शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा उतरायला जागा मिळेना. एका पारशी मुसाफिरखान्यात जागा होती, पण ती फक्त पारशांसाठी. शेवटी रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचं, या बोलीवर त्यांना खोली मिळाली. दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायचं फर्मान सुटलं. इतका शिकलेला माणूस त्यानंतर सामान घेऊन बागेत बसून राहिला, आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या रजिस्टरमध्ये खोटी नोंद झाली, हे खरं. पण ती नोंद खोटी कुणी करायला लावली?

दुसरा प्रसंग तर आपल्या दारातला आहे. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले होते. प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी दरवाजाजवळच्या हौदातलं पाणी घेतलं, म्हणून एका मुसलमान म्हाताऱ्यानं हौद बाटवल्याची ओरड केली आणि बघता बघता जमाव जमला. किल्ला बघू दिला, पण आत पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर शिपाई दिला. अडवणारे बडोद्यात पारशी होते, दौलताबादेत मुसलमान होते, आणि बडोद्यातल्या हिंदूंनी तर त्यांना मुळात दारातच घेतलं नसतं. म्हणून हा प्रश्न एका समाजाविरुद्ध दुसऱ्याचा करून मांडू नये. काउंटरच्या आत बसलेल्या प्रत्येकाला बाहेरच्या कुणाला तरी ‘अशा’ म्हणायची सोय हवी असते, आणि मी ज्या बाजूला बसलो होतो तिथं ती मला आयतीच मिळाली.

राज्यघटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हेच होतं. अनुच्छेद १५ चं पहिलं कलम सरकारला बजावतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नका. दुसरं कलम सरकारापाशी थांबत नाही. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते इथं याच कारणांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं ते सांगतं. हॉटेल हा शब्द त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. तो उगाच आलेला नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात किंवा धर्मशाळेत मज्जाव केला तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं शिक्षा होते. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात तर निवासाची सोय नाकारू नये, असं थेट म्हटलं आहे. म्हणजे असा कायदा लिहायचा कसा, हे आपल्याला येतं. पण धर्मावरून, चेहऱ्यावरून किंवा प्रांतावरून खोली नाकारणाऱ्या लॉजवाल्याला चाप लावेल असा साधा, रोजच्या वापराचा कायदा नाही. जिंतूरचा तो मुलगा त्या रात्री कुठल्या कलमाखाली, कुठल्या ठाण्यात तक्रार देणार होता? त्याच ठाण्यात, जिथला हवालदार रजिस्टरवर बोट ठेवत होता?

"लॉज माझं आहे, कुणाला ठेवायचं ते मी ठरवणार," असं मालक म्हणतात. तुमच्या घरी कुणाला जेवायला बोलवायचं ते तुम्ही ठरवा. लॉज हे घर नाही. त्याला परवाना लागतो, रस्त्यावर त्याची पाटी असते, आणि जो पैसे देईल त्याला खोली देऊ, असा त्या पाटीचाच अर्थ असतो. आणि आपल्या शहराला तर हे सांगावंच लागू नये. पाणचक्कीला ज्यांची कबर आहे त्या सूफी पुरुषाचं नावच बाबा शाह मुसाफिर. मध्य आशियातून चालत आलेला माणूस. दूरवरून नहरीनं आणलेल्या पाण्यावर तिथलं जातं फिरायचं ते आश्रयाला आलेल्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पिठासाठी. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरात आजही पंगतीला बसताना कुणी पूर्ण नाव विचारत नाही. हे आपण बाहेरच्या पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो आणि रात्री त्यांच्यातल्याच एखाद्याला म्हणतो, रूम फुल आहेत.

आता पोलिसांची बाजू. ती मी हलक्यानं घेत नाही. लॉजवर मुली विकल्या जातात, चोरीचा माल वाटला जातो, घरातून पळालेली अल्पवयीन पोरं येतात, आत्महत्या होतात. माझ्या दोन वर्षांत एकदा पहाटे दार फोडावं लागलं होतं. ते मी विसरलेलो नाही. रजिस्टर हवं, ओळखपत्र हवं, कॅमेरा हवा, आणि एखाद्या गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी रजिस्टर मागितलं तर ते लगेच मिळालंही पाहिजे. माझा आक्षेप त्या थांबणाऱ्या बोटाला आहे. ज्याला खरोखर वाईट काम करायचं आहे तो चांगलं ओळखपत्र, चांगले कपडे आणि बिनधोक आडनाव घेऊनच येतो. आमच्या लॉजवर फसवाफसवी करून पळालेले दोघेही इस्त्रीच्या शर्टातले होते. बोट दुसऱ्याच नावावर थांबलेलं असतं, तेव्हा असे लोक त्याच्याखालून निसटून जातात.

नावावरच्या संशयानं तपासाचं काय होतं, हे महाराष्ट्रानं बघितलेलं आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते मुसलमान, आणि पकडले तेही मुसलमान. पुढं तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडं गेला, दिशा बदलली आणि २०१६ मध्ये न्यायालयानं त्या लोकांना आरोपमुक्त केलं. मधल्या काळात त्यांची वर्षं तुरुंगात गेली. आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना तरी न्याय मिळाला का?

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत ‘मोटेल ६’ नावाची स्वस्त मोटेलांची साखळी आहे. वॉशिंग्टन राज्यात तिथले कर्मचारी २०१५ ते २०१७ या काळात पाहुण्यांच्या याद्या इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना कुठल्याही वॉरंटशिवाय देत होते. लॅटिनो वाटणाऱ्या नावांभोवती अधिकारी गोल करायचे, असं राज्याच्या महाधिवक्त्यांनी दाव्यात म्हटलं होतं. यादीत सुमारे ८० हजार लोकांची माहिती गेली होती. २०१९ मध्ये कंपनीनं १ कोटी २० लाख डॉलर मोजून हे प्रकरण मिटवलं. ते गोल आणि आमच्या हवालदाराचं बोट, यात मला काडीचा फरक दिसत नाही. त्याच देशात लॉस एंजेलिसच्या मोटेलमालकांनी पोलिसांना हवं तेव्हा रजिस्टर दाखवण्याच्या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, आणि २०१५ मध्ये ते जिंकले. न्यायालयानं सांगितलं की मालकाला आधी हरकत घेण्याची संधी मिळाली पाहिजे. ते मालक कोण होते? पटेल. आपल्या शेजारच्या गुजरातेतली माणसं. काउंटरवर बसणाराही पोलिसांना "कागद दाखवा" म्हणू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्या लॉजमालकांच्या संघटना दर वाढवण्यासाठी निवेदनं देतात, तसं एक निवेदन यासाठीही देऊ शकतील.

आपल्या विद्यापीठात यमन, सुदान, इराक इथले विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आले आहेत. परदेशी माणूस उतरला की २४ तासांच्या आत फॉर्म भरून कळवावं लागतं. जुन्या कायद्यात त्याला ‘सी फॉर्म’ म्हणायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. त्यातही ही जबाबदारी मालकावर आहेच. नियम ठीक आहे. पण छोट्या लॉजवाल्याला तो ऑनलाइन फॉर्म भरता येत नाही, चुकला तर ठाण्यात खेटे घालावे लागतात, म्हणून तो सरळ काळ्या कातडीच्या माणसाला परत पाठवतो. कायद्यानं कळवायला सांगितलं होतं, नाकारायला नव्हे. ईशान्येकडच्या मुलांना तर फॉर्मचाही प्रश्न नसतो. ती आपल्याच देशाची नागरिक आहेत, तरी "पासपोर्ट दाखव" हे त्यांना ऐकावं लागतं. २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली होती. समितीच्या शिफारशी कागदावर आहेत.

जोडप्यांबद्दल थोडक्यात सांगतो. "लोकल आयडी चालत नाही" ही पाटी मराठवाड्यातल्या बहुतेक लॉजवर दिसते. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहू नये असा कुठलाही कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कोइमतूरच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलं आहे. पण त्यातही मुलाचं आणि मुलीचं आडनाव वेगवेगळ्या धर्मांचं निघालं की रात्रीच्या चेकिंगला येणाऱ्यांचा आवाज बदलतो, आणि कधी कधी पोलिसांच्या आधी भलतेच लोक खाली जमलेले असतात. त्यांना कुणी फोन केला? काउंटरवरची माहिती बाहेर कशी जाते? याचा तपास झालेला मी कधी ऐकला नाही.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांनी मनाला विचारावी. आपली पोरं पुण्याला शिकायला जातात तेव्हा खोली बघायला गेल्यावर घरमालकीण विचारते, "मराठवाड्याचे का?" आणि मग आडनाव विचारते. बोलण्यातल्या हेलावरून, चपलेवरून, वडिलांच्या धोतरावरून आपल्याला जोखलं जातं. तेव्हा जे पोटात तुटतं, तेच त्या जिंतूरच्या मुलाच्या पोटात तुटलं होतं. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या माणसाला कारखान्याच्या गावात हॉटेलवाला बाहेरच्या बाकावर चहा देतो, हेही आपल्या घरोघर माहीत आहे.

माझं मागणं मोठं नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी आणि छत्रपती संभाजीनगरच्या आयुक्तांनी लॉजमालकांना लेखी कळवावं: ओळखपत्र असलेल्या कुणालाही धर्म, जात, प्रांत किंवा चेहरा बघून खोली नाकारा, असा आमचा कोणताही आदेश नाही. एवढं एक वाक्य प्रत्येक काउंटरवर फ्रेम करून लावलं, तर "वरून ऑर्डर आहे" म्हणणाऱ्याची जीभ अडखळेल. रजिस्टर तपासणाऱ्यानं तारीख, वेळ, आपलं नाव आणि कोणत्या कामासाठी तपासलं ते त्याच पानावर लिहून सही करावी. सगळ्यांची नावं लिहिली जातात त्या वहीत तपासणाऱ्याचंही लिहिलं जावं. ज्याला खोली नाकारली त्याची नोंद रजिस्टरात व्हावी: नाव, वेळ आणि कारण. ‘रूम फुल’ हे कारण लिहिलं असेल तर त्या रात्री किती खोल्या भरल्या होत्या, हे त्याच वहीतून मोजता येईल. आणि घाटीच्या आसपास, जिथं जालना, परभणी, हिंगोली, बीडहून रोज शेकडो नातेवाईक येतात, तिथल्या लॉजपासून याची सुरुवात व्हावी.

माझ्या त्या रात्रीच्या पानावर असा रकाना नव्हता. असता तर मला तिथं लिहावं लागलं असतं: मतदान ओळखपत्र तपासले, खोल्या रिकाम्या होत्या, दिली नाही.